साटंलोट्याची बरोबरी

माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एकाच मांडवात झालं. फर्दापूरच्या अलीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातली मुलगी मी केली आणि त्याच घरातल्या मुलाला बहीण दिली. साटंलोटं. त्यामुळं तो माझा दाजी आणि मी त्याचा दाजी. आम्ही एकमेकांना तसंच म्हणतो. साटंलोट्याचा नियम एकच: एका लेकीला केलं ते दुसरीला करायचं. लुगडं घेतलं तर एकाच ठाणातलं. लग्नात दोघींना सोन्याच्या पाटल्या घातल्या, त्याही एकाच सोनाराकडच्या, एकाच घडणीच्या.

त्यांची जमीन काळी, कापसाची. आमची वाळूजकडं, मुरमाड. मेंढरं चारायला धनगर यायचे तेवढाच तिचा उपयोग. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा माझे आजोबा तरणे होते. ते म्हणायचे, "निजाम गेला, पण त्यांच्याकडं गव्हाची पोळी अन् आपल्याकडं बाजरीची भाकर, हे काय गेलं नाय."

तेही गेलं, पण उलट्या बाजूनं. आमच्या लग्नानंतर वाळूजला कारखाने आले आणि मुरमाला प्लॉटचा भाव आला. मी त्यासाठी काहीही केलं नाही. थोडी जमीन विकली, उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या काढल्या, शहरात, उस्मानपुऱ्यात घर घेतलं. खोल्यांत राहायला आलेली पोरं बहुतेक सोयगाव-सिल्लोडकडची, म्हणजे बहिणीच्याच मुलखातली. जिल्हा एकच. तिच्या दारावरून लेणी बघायला जगभरची माणसं बसनं जात, पण त्या बसमधून तिच्या गावात कधी कोणी उतरलं नाही.

भाचीचं लग्न माझ्या मुलीच्या आधी झालं. मी मामा. टेम्पो भरून गेलो: फ्रीज, कपाट, दिवाण, वर सोन्याचा हार. आहेर माइकवरून पुकारायची तिथं पद्धत आहे. पुकारणारा एकेक वस्तू वाचत गेला तसा मी सुखावत गेलो. मांडवातला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "मामानं दुकानच उचलून आणलं की."

दुसरा दाजींकडं बघून म्हणाला, "आता तुमी शहराला जाताना ट्रक सांगा, पाव्हणं."

सगळे हसले. दाजीही हसले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला तेव्हा ते नुसतं दिसलं, कळलं नाही.

कळलं ते माझ्या मुलीचं लग्न ठरल्यावर, बायकोनं सांगितलं तेव्हा. "माझा भाऊ आता काय आणील?" ती म्हणाली. मी बराच विचार केला आणि पत्रिकेच्या तळाशी छापून घेतलं: कृपया आहेर आणू नये. वाटलं, सुटले बिचारे.

पत्रिका पोचली त्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"दादा, ते खालचं माझ्यासाठी छापलं का?"

"नाय गं. सगळ्यांसाठी हाय."

"मग मी सगळ्यांतली व्हय?"

मामाचा आहेर नको म्हणणं म्हणजे मामाच नको म्हणणं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते शहरात राहून सोयीनं विसरलो होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती दोघं एसटीनं आली. बहिणीनं पिशवीतून डबी काढून माझ्या मुलीच्या हातात दिली. आत हार. मी भाचीला घातला होता तेवढाच भरीव, उन्नीसबीस नाही.

दुपारी कासारीण बांगड्या भरायला बसली. हिरव्या चुड्याच्या मागंपुढं पाटल्या घालायची आमच्यात रीत आहे. बायकोच्या हातात होत्या. बहिणीच्या हातात नुसती काच.

"वैनी, पाटल्या कुठं?" बायकोनं विचारलं.

"खाज सुटती लई. काढून ठिवल्या."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या बापानं घातलेलं सोनं वितळून माझ्याच घरी परत आलं होतं.

संध्याकाळी मी दाजींना बाजूला घेतलं. म्हणालो, "दाजी, हे मला ठेववत नाही. घेऊन जा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "दाजी, तुमची सोयरीक आली तवा आमच्याकडं दोन विहिरी व्हत्या. माझा बाप माझ्या बहिणीला याच्या दुप्पट घालणार व्हता. पण तुमच्या बापाला झेपतील तेवढ्याच पाटल्या करा म्हणला. तुमाला कधी कळू दिलं का आम्ही?"

मग जेवायची पंगत बसली म्हणून आम्ही उठलो.

चार पैसे जास्त असताना कसं वागायचं ते त्यांच्या बापाला येत होतं. मला आलं नाही. माझ्या मुलीला हाराचं काही ठाऊक नाही. ती पुण्यात सणावाराला तो घालते. बायकोनं मात्र लग्न उरकल्यावर आपल्याही पाटल्या काढून कपाटात ठेवल्या.

तेव्हापासून भाऊबीजेला साडी घेण्याआधी मी बायकोला भावानं काय दिलं ते बघतो, आणि त्याच तोलाची बहिणीला नेतो. गेल्या वर्षी तिकडं पाऊस झाला नाही, कापूस गेला. वाळूजचे कारखाने चालू होते, माझं भाडं वेळेवर आलं. बीजेला मला तिकडं जायचं असतं, म्हणून दाजी आदल्या दिवशी पाडव्यालाच आले, बायकोनं ओवाळलं, त्यांनी ताटात नुसती सुपारी ठेवली आणि मान खाली घातली.

बीजेला मी बहिणीच्या गावी गेलो. तरीही साडी घेतली होती. गाडीत मागच्या सीटवर होती. बहिणीनं ओवाळलं. मी खिशातून सुपारी काढली आणि ताटात ठेवली.

ती ताटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बस दादा, जेवून जा." आवाजात कितीतरी वर्षांनी ताण नव्हता.

भाकरी वाढताना तिचे मोकळे हात माझ्या पुढ्यात येत-जात होते. साडी मी परत आणली. ती कपाटात पाटल्यांशेजारी पडून आहे.