धोंडा, धोंडिबा आणि माझं लग्न

नातवंडांनी पुन्हा धरून बसवलं. "आजोबा, लग्नाला डोंगर चढून गेलात ते सांगा!" अरे, किती वेळा? नुसत्या आठवणीनं गुडघे दुखतात. चार माणसं एका वाटेनं गेली की किस्से कुसळांसारखे अंगाला चिकटतात. एक उपटावा तर दुसरा टोचतो. सांगतो. पण मधे कुणी हसायचं नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, मोटार राजूरच्या पुढं जाईना. आम्ही प्रवरेकाठची, सपाटीवरची माणसं, आणि बायको ठरली अकोल्याकडच्या डोंगरावरची! नुकता वैशाख लागला होता. वाट मागच्या पावसाळ्यात कोसळलेली, कुणी दगड हलवला नव्हता. न्यायला आला नवरीचा भाऊ, रामा. आल्याआल्या म्हणाला, "बाचा निरोप हाय. दिवस बुडायच्या आत मांडवात आलात तर लगीन. न्हाईतर आल्या वाटंनं माघारी!"

तेव्हापासून माझा जीव खालीवर.

*

मामा माझा अंगानं जड. दर वळणाला विचारायचा, "रामा, गाव किती लांब?"

"ह्ये काय, वळणाच्या म्होरं."

वळण गेलं. "आता?"

"वळणाच्या म्होरं."

शेवटी मामानं बसकण मारली. "तुमी वळणांवरच ऱ्हाता व्हय? घरं न्हाईत का?"

रामा शांतपणे म्हणाला, "हायत की. वळणाच्या म्होरं!"

*

मामानं लग्नासाठी नव्या वहाणा घेतल्या होत्या. घसरणीवर एकीचा अंगठा तुटला. मामानं माझ्या पायांकडं बघितलं.

"काढ."

"मामा, मी नवरदेव हाय!"

"मग? तुला पाटावर उभं ऱ्हायचंय. पाटावर वहाणा चालत्यात का?"

दिल्या काढून. तापलेल्या कातळावर मी अनवाणी. वर मामा म्हणतो, "बघ, आता कसा भराभर चालाय लागला!"

*

रामानं घाटाचा नियम सांगितला. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला की त्यानं ओरडायचं, "धोंडा!" ऐकणाऱ्यानं विचार करायचा नाही, शेजारच्याला ढकलून बाजूला करायचं, आपण कड्याला चिकटायचं. तिथली शेंबडी पोरंसुद्धा तसंच करायची.

पण मुंडावळ्यांचं गाठोडं वाहणारा माझा दोस्त धोंडिबा. त्याला आम्ही लहानपणापासून 'धोंडा'च म्हणायचो!

पहिला दगड सुटला. रामा किंचाळला, "धोंडाऽऽ!"

सगळे कड्याला चिकटले. धोंडिबा वाटेच्या मधोमध, मान वर करून, "काय रं?"

दगड त्याच्या कानाजवळून गेला आणि आमचा पाण्याचा भोपळा फोडून गेला. मामा भडकला. "आजच्या दिवस ह्याचं नाव बाळू! कुणी धोंडा म्हणलं तर याद राखा!"

धोंडिबा फुगला. "आईबापानं ठेवलेलं नाव हाय माझं!"

"आईबापाला हा घाट ठाव न्हवता!"

*

सूर्य उतरायला लागला. माझी एक नजर वाटेवर, एक त्याच्यावर. आणि धोंडिबा करवंदाच्या जाळीत! "बाळू, चल! बाळू!" घसा फुटेस्तोवर ओरडलो. हा ढिम्म. अखेर माघारी जाऊन दंडाला धरून ओढला.

तर म्हणतो कसा, "आरं, हाक तरी मारायची!"

*

सूर्य कड्याला टेकताना मांडवात पोचलो. सासरा सूर्याकडंच बघत उभा. मला तसाच पाटावर चढवला. अंतरपाटापलीकडं नवरी, सखू. तिचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. माझ्या मागं पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ.

भटजी 'सावधान' म्हणणार, तेवढ्यात मामाच्या ध्यानात आलं, मुंडावळ्या बांधायच्या राहिल्या! गाठोडं धोंडिबापाशी, तो मांडवाच्या पार टोकाला. घाईत मामा बाळूला विसरला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "धोंडाऽऽ!"

अख्खा मांडव कुडाला चिकटला! भटजी, ताशेवाला, सासरासुद्धा. अंतरपाट खाली. सखूनं विचार केला नाही. दोन्ही हातांनी मला असं ढकललं की मी उलटा घंगाळात!

आणि टोकावरून धोंडिबा, "काय रं?"

मी डोकं वर काढलं तेव्हा दिवस बुडाला होता. सगळा मांडव सासऱ्याकडं बघायला लागला. सासऱ्यानं फेटा सारखा केला. "पोरीनं हात लावलाय. लागलं लगीन!"

अजून तिला विचारा. म्हणते, "मी वाचवलं तुमास्नी. खरंच धोंडा आला असता, मंग?" मामा गेला, धोंडिबा गेला, त्या दोघांना माफ केलं मी. पण जिनं माफी मागायची ती आत चुलीपाशी बसून हे सगळं ऐकतेय आणि हसतेय. सखू!