दोन टिचक्या

पाचोऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वाल्मीकभाऊ लाइनमन होते आणि मी, म्हणजे त्यांचा पुना, लाइन तपासायच्या टेस्ट डेस्कवर. त्यांनी खांबावर चढून तार जोडायची आणि हातातल्या फोनवर बोटाने दोन टिचक्या मारायच्या. मला त्या ऐकू आल्या की मी इकडून दोन मारायच्या. म्हणजे लाइन सुरू, माणूस ठीक. पावसात खांबावर लोंबकळणाऱ्या माणसाला गप्पा कुठून सुचणार? ही खूण भाऊंनी घरीसुद्धा नेली. दिवसातून एकदा घरी फोन करून दोन टिचक्या मारायचे, कलाबाई उलट दोन मारून रिसीव्हर ठेवून द्यायच्या. आम्ही सगळ्यांनी त्यावरून भाऊंची भरपूर टर उडवली.

आपल्या कानांचा भाऊंना भारी गर्व. रिसीव्हर कानाला लावून तार कुठे तुटली ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, याचाच मला जास्त राग यायचा. त्यांचा हिशेब साधा होता. कानात बारीक खरखर आहे तोवर लाइन जिवंत आणि पलीकडे माणूस आहे. ठार शांत झालं की लाइन गेली.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कलाबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. लेक प्रज्ञा त्यांना उपचारासाठी धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेली. भाऊंनीही तिथेच राहावं म्हणून तिने किती विनवण्या केल्या! पण लेकीच्या सासरी बापाने मुक्काम करायचा नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रविवारी एस.टी.ने जायचे आणि संध्याकाळी परत. बाकी सहा दिवस दुपारी दोनला फोन. प्रज्ञा नर्स, त्या वेळी ती ड्युटीवर आणि घरात दुसरं कोणी नाही. म्हणून तिने फोन आपोआप उचलला जाईल आणि स्पीकरवर लागेल अशी सोय करून तो आईच्या उशाशी ठेवला होता. भाऊ बोलायचे, कलाबाई ऐकायच्या; टिचक्यांची खूण आजारपणात मागे पडली होती.

हा कार्यक्रम माझ्याच ओट्यावर चालायचा. एकदा मी विचारलं, "भाऊ, वहिनी ऐकतात कशावरून? झोपल्याही असतील." त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. बारीक खरखर येत होती. "लाईन जित्ती शे ना? मंग कला ऐकी ऱ्हायनी," म्हणाले आणि पुन्हा बोलायला लागले.

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. नाशिकच्या ट्रेनिंगमध्ये मी सीएनजी शिकलो होतो. रिक्षात भरायचा गॅस नव्हे, कम्फर्ट नॉइज जनरेशन. मोबाइलवर पलीकडचं बोलणं थांबलं की तिकडून आवाज पाठवणंच जवळजवळ बंद होतं. पण कानात एकदम शांत झालं तर माणसाला वाटतं, फोन कटला. म्हणून आपल्याच हातातला फोन खोटी खरखर तयार करून ऐकवतो. पलीकडे माणूस असो वा रिकामी खोली, खरखर तीच. हे सगळं मला माहीत होतं. पण म्हाताऱ्याला तेवढाच आधार, तो कशाला मोडा, म्हणून मी गप्प बसलो. याला मी तेव्हा माया समजत होतो.

मार्गशीर्षातला मंगळवार होता. आदल्या दिवशी आम्ही मळ्यात भरीत केलं होतं आणि ठेच्याने माझी कशी वाट लागली, ते भाऊ रंगवून रंगवून सांगत होते. वीस मिनिटं बोलले. मध्ये हसता हसता त्यांना ठसका लागला. साडेचारला प्रज्ञाचा दवाखान्यातून फोन आला आणि आम्ही तसेच धुळ्याला निघालो.

कलाबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

"मी फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला विसरले, काका," प्रज्ञा मला सांगत होती. "दोन वाजत आले तशी आई भिंत धरून तो आणायला उठली असणार. मधल्या दारातच पडली. ओरडणार कशी?" मग तिने वडिलांना आईचा डावा हात दाखवला. बांगड्या फुटलेल्या, बोटांची पेरं सुजून काळीनिळी. "बाबा, आई फरशी ठोकत होती."

भाऊ वाकून म्हणाले, "कला, मना आवाज येत व्हता तुले?" कलाबाईंनी मान हलवली. मग त्याच सुजलेल्या बोटाने खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवलं. थांबल्या. पुन्हा दोनदा.

वीस मिनिटं त्या फरशीवर पडून नवऱ्याचं हसणं ऐकत होत्या आणि त्याच्याच खुणेने त्याला बोलावत होत्या. आणि फोनने ते ठोकणं खोलीतला गोंगाट समजून गाळून टाकलं होतं.

"पन खरखर व्हती रे," बाहेर आल्यावर भाऊ मला सांगायला लागले. "लाईन जित्ती व्हती."

मग मी सगळं सांगितलं. बाकावर बसून त्यांनी ऐकून घेतलं.

"हाई तुले पहिलेपासून ठाऊक व्हतं?"

"हो."

"मी हासी ऱ्हायंतू आनि ती ठोकी ऱ्हायंती," ते म्हणाले. "तू माले काबर सांगं नही, पुना?"

 

भाऊ त्या रात्रीपासून लेकीच्याच घरी आहेत. प्रज्ञा सांगते, पाणी आणायला आत गेले तरी भिंतीवर दोन टिचक्या मारतात, आणि कलाबाईंच्या दोन ऐकू येईपर्यंत तिथून हलत नाहीत. माझा फोन मात्र ते घेत नव्हते.

परवा घेतला. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं." तिकडून शब्द नाही. बारीक खरखर येत होती. भाऊ ऐकताहेत, की फोन ठेवून आत निघून गेलेत? मी मोबाइलवर दोन टिचक्या मारल्या आणि कान लावून उभा राहिलो. खरखर तशीच येत राहिली.