कानसेनचा शेवटचा डिफरन्शियल

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो. इंजिनाचा जोर तिथे येऊन वळतो आणि ॲक्सलच्या दोन दांड्यांवरून चाकांना मिळतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने पस्तीस वर्षं त्या गोळ्याखेरीज कशावर प्रेम केलं नाही, असं त्याची बायको म्हणते. लग्नाला तेहतीस झाली, म्हणजे तसाही तिचा नंबर दुसराच.

त्याला सगळे कानसेन म्हणत. गोळ्यातले दात एकमेकांत नीट बसलेत का, हे बघायला बाकीचे मेकॅनिक दातांना पिवळा रंग फासतात, चाक फिरवतात आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहतात. कानसेन म्हणायचा, "रंग भिंतीला लावायचा." तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गोळ्याला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि गाडी चालू करायला सांगायचा. मग "पाव कागदाएवढी फट जास्त झालीय" असं काहीतरी पुटपुटून गोळा उघडायचा, आतली एक पातळ चकती बदलायचा. आवाज बंद. चेहरा असा, की आत्ताच रडक्या बाळाला निजवलंय. घरात दूध उतू जाऊन जळलं तरी या माणसाला पत्ता नसे, पण ते नाक होतं. कानाबद्दल कोणी बोलायचं नाही.

त्याची मुलगी शर्यतीत गाडी चालवते. इंजिनाची ताकद वाढवल्यावर सरावात एक ॲक्सल पिळलेल्या फडक्यासारखी मुरगळून तुटली. आता जाड ॲक्सल हव्या होत्या, नवा डिफरन्शियल हवा होता, आणि रविवारी शर्यत होती. तीत बरी धावली तर संघात कायमची जागा.

"बाबा, संघाचा मेकॅनिक बसवून देतो म्हणतोय."

"त्याला सांग, तुझ्या बापाचे हात अजून शाबूत आहेत."

हात शाबूत होते.

शुक्रवारी काम संपलं. गाडीचं मागचं अंग लोखंडी घोड्यांवर चढवून, गाडी चालू करून त्याने चाकं फिरवली, स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावला, डोळे मिटले. "शांत आहे," म्हणाला.

गॅरेजच्या वरच त्यांचं घर. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकली. "अहो, तुमचा गोळा रडतोय."

"तुझा कुकर असेल."

"कुकर अजून लावला नाही."

"मग मिक्सर."

"तोही बंद आहे. राहिले मी. मी रडत नाहीये."

त्याने चाकं थांबवली आणि हात पुसत बसला. हात स्वच्छ झाले तरी पुसत होता.

शनिवारी सकाळी मुलगी गाडी फिरवून आली. "बाबा, बारीक शिट्टी येतेय. नवे दात आहेत, बसतील ना?"

"बसतील."

"मग झालं," म्हणून ती वर गेली. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते.

कानसेन समोरच्या गॅरेजात गेला आणि पिवळ्या रंगाची डबी मागून घेतली. गल्लीत बातमी पसरायला तेवढं पुरलं. कोणी हसलं नाही, आणि आमच्या गल्लीत लोक पडलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा हसतात.

गोळा उघडला. रंग दातांच्या मधोमध पुसायला हवा; तो पुसला होता पार काठावर. शर्यतीच्या वेगात काठ मोडतो, तुकडा दातांत अडकतो, दोन्ही चाकं जाम होतात. बहुतेक वळणावरच.

तो वर गेला. मुलगी जेवायला बसली होती. "उद्या ही गाडी न्यायची नाही."

"का?"

"दात चुकीचे बसलेत. पुन्हा बसवायला तीन दिवस लागतील. आणि मी बसवायचे नाहीत."

"तुम्ही तर ऐकलं होतं."

"बारीक आवाज येत नाहीत मला. दोन वर्षं झाली."

"टीव्ही गल्लीला ऐकवायला लागलात, तेव्हाच मी ओळखलं," बायको म्हणाली. "म्हटलं, कधीतरी सांगाल."

मुलगी ताटाकडे बघत राहिली. दोन वर्षांत याच हातांनी बसवलेल्या गोळ्यावर आपण किती वळणं घेतली, ते मोजत असावी.

रविवारी शर्यत झाली. संघातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. सोमवारी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे न्यायला ट्रक आला. गाडी त्यावर चढवून दोर कानसेनने स्वतः आवळले. तेवढं त्याला जमत होतं.

तीन आठवड्यांनी मुलगी गाडी घेऊन गल्लीत आली. "बघा तरी," म्हणाली, आणि सावकाश एक फेरी मारली. कानसेनने स्क्रू ड्रायव्हर घेतला नाही. त्याने वर खिडकीकडे पाहिलं. बायकोने हातातलं ओलं फडकं थांबवून कान दिला आणि मान हलवली: काही नाही, आवाज नाही.

काम दुसऱ्याचं होतं, आणि चांगलं होतं.

"छान बसवलंय," तो मुलीला म्हणाला.

तो कुठे बघून बोलला, हे तिने पाहिलं होतं. "हो बाबा," म्हणून तिने गाडी काढली. गाडीचा आवाज कुठपर्यंत येत होता कोण जाणे. बायको कान देऊन उभी होती; ती खिडकीतून आत गेली, तेव्हा तोही शटरकडे वळला.