जेवणानंतर दोन चमचे

आमच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ती त्यांना मी पाजली.

(एवढी दोन वाक्यं लिहायला मला सबंध पावसाळा लागला. मी मुळात कमी बोलणारा. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हासुद्धा मी खोकून वेळ मारून नेली होती!)

धुळ्यात आमचं एक द्राक्षरसिक मंडळ आहे. नाव सांगितलं की लोक डोळा मारतात, "म्हणजे बसता म्हणा की!" तसं अजिबात नाही. आमच्या अध्यक्षा कुमुद मॅडम या दातांच्या डॉक्टर. त्यांच्यासमोर वाइनचा घोट घ्यायचा म्हणजे तोंडी परीक्षाच. आधी पेला उजेडात धरा, मग हलवा, मग हुंगा, मग गप्प बसा. "घाई कशाला? तिला बोलू द्या," असं त्या म्हणतात. पिंपळनेरच्या सहलीत त्यांनी आम्हाला तासभर द्राक्षाच्या मळ्यात नुसतं फिरवलं, घोट मिळाला तो संध्याकाळी. तरी एक माणूस कुरकुरला नाही. मी त्यांना मनातल्या मनात फार मानतो. (उघड कधी बोललो नाही. खोकलो मात्र अनेकदा.)

या मॅडमकडे लेकाने परदेशातून पाठवलेली एक जुनी बाटली होती. दवाखाना बंद करून निवृत्त होईन त्या दिवशी ती मंडळासोबत उघडायची, असं त्यांनी ठरवलेलं. पण धुळ्याचा उन्हाळा! फ्रिजमध्ये वाइन जास्त गारठते, बाहेर उकळते. तेव्हा माझ्या तोंडून आयुष्यात प्रथमच न विचारता वाक्य निघालं.

"मॅडम, पारोळ्याला आमच्या सासऱ्यांची केळी पिकवायची खोली आहे. बारा महिने थंड."

मॅडमच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर चमकला. तो टिकवण्यासाठीच पुढचं सगळं झालं.

सासरे, म्हणजे नाना, माळकरी. बाटली बघून त्यांनी विचारलं, "जवाईबापू, हाई काय शे?"

मी खोकलो. खोकून भागेना. मग म्हणालो, "द्राक्षांचं औषध आहे. आसवासारखं. डॉक्टर मॅडमचं."

एक शब्द खोटा नव्हता. खोटं होतं ते सगळं मिळून!

हिवाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. इतकी जुनी वाइन रस्त्यावर हिंदकळायला नको, म्हणून मंडळच बाटलीकडे निघालं. नानांना सांगितलं, पाहुणे केळी बघायला येणार आहेत. नाना खूश! वांगी भाजायला घेतली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचं पीठ मळलं गेलं, आणि ते चुलीकडे गुंतलेले बघून मी हळूच बाटली काढली. बुचावरची चंदेरी पत्री निघालेली दिसली. म्हटलं, ओलाव्याने असेल. बूच लोण्यासारखं वर आलं. म्हटलं, मनगटात अजून जोर आहे!

मॅडमनी पहिला पेला मला दिला. "तुम्ही जपलीत. तुम्हीच बोला."

मी पेला उजेडात धरला, हलवला, हुंगला, गप्प बसलो. आणि काय झालं कोण जाणे, मला वाचा फुटली.

"लवंग आहे," मी म्हणालो. "दालचिनी आहे. मागून वेलदोडा येतोय. आणि मॅडम... यात मला माझं बालपण दिसतंय! आई दिसतेय!"

टाळ्या पडल्या. आमचे बँकेतून निवृत्त झालेले भामरे साहेब डोळे मिटून म्हणाले, "लवंग! अगदी लवंग!"

टाळ्या थांबायच्या आत मला कळलं की आई का दिसतेय. आईच्या हातात चमचा होता. लहानपणी भूक लागत नाही म्हणून ती रोज मला नाक दाबून जे पाजायची, तेच हे! द्राक्षासव! औषधाच्या दुकानात मिळतं ते!

तेवढ्यात भरताचं पातेलं घेऊन नाना आले. सगळ्यांच्या हातातले पेले बघून थबकले.

"बठ्ठास्ले गुडघादुखी शे का?"

नाना काळजीने पुढे सरकले. "आनि पानी काब्र नही टाकं? समान पानी टाकनं पडस. जेवन झाये का दोन चमचा. मी तसंच लिधं." मग माझ्याकडे वळून ओशाळत म्हणाले, "जवाईबापू, तुमनी बाटली मीच पीसन सरावी. म्हनीसन मेडिकलमाईन नवं आनीसन भरी ठेवं. पन पहिलं चांगलं व्हतं हां!"

मॅडमनी पेला खाली ठेवला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांच्या गळ्यातल्या माळेकडे. एवढ्या वर्षांची जपणूक, लेकाची भेट, सगळं एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यात जिरलं होतं. त्या एक शब्द बोलल्या असत्या, तर नानांनी आठ दिवस अन्न घेतलं नसतं.

"नाना," त्या म्हणाल्या, "पहिल्या औषधाने आराम पडला का?"

"गुडघा तसाच शे, बाई," नानांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "पन आते त्यानं वाईट वाटत नही."

मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मग लागू पडलं! चला, जेवू या. हे जेवणानंतर घेऊ."

आणि त्यांनी ते घेतलं. दोन चमचे. समान पाणी घालून. (भामरे साहेब मात्र आजही म्हणतात, "काही असो, लवंग होती!")

नानांना खरं सांगायचं धाडस मला परवा झालं. त्यांनी माळेला हात लावला. बराच वेळ गप्प बसले, मॅडम शिकवतात तसे.

"मी औषध म्हनीसन लिधं," शेवटी म्हणाले. "पाप तुम्हले लागी."

"हो नाना."

मी चप्पल घालत होतो, तेव्हा मागून हळूच आवाज आला. "मी त्याले अजूनबी औषधच समजस. पुढली बाटली कव्हय येई?"

मंडळात मी अजून आहे. मॅडमनी काढून टाकलं नाही, त्यांचा मोठेपणा. फक्त दर बैठकीला सगळ्यांसमोर लांब दांड्याचे पेले मांडले जातात, आणि माझ्या जागेवर चमचा असतो.