डॉक्टर काय म्हणाले

"काय गं, कोटा इथंही लागू झाला वाटतं?"

इथल्या मराठी मंडळींचे डॉक्टरकाका माझ्या कानाशी वाकून म्हणाले. मराठीत. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या आमच्या फुटबॉल क्लबचा हॉल माणसांनी भरलेला. महिला संघाची नवी मॅनेजर मी, हे नुकतंच जाहीर झालं होतं. आधी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग नागपुरात कुठली वस्ती, ते. मग हे.

मी हसले. दात दाखवून हसले.

शेजारी इव्हो उभा होता. क्रोएशियाचा. तिकडे गोलकीपर होता. इथे येऊन स्टीलच्या कारखान्यात राबला आणि रोज संध्याकाळी खपून हा संघ उभा केला. बोटं वाकडी झालेली, गुडघे गेलेले. गोलात कसं उभं राहायचं ते मला त्याने नव्यानं शिकवलं, आणि आता स्वतःची जागा मला दिली होती.

"व्हॉट डिड ही से?" त्याने विचारलं.

"ही ब्लेस्ड मी," मी म्हणाले.

इव्होचे डोळे भरून आले. डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेऊन तो थँक यू, थँक यू म्हणत राहिला. डॉक्टरांनी ते निवांत घेतलं. मी बघत उभी.

मग वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. शरम त्यांना वाटायला हवी होती. वाटत मला होती. शाळेतही असंच. मुली मला गोलात उभं करायच्या, कारण तिथे माझ्या अंगाला कुणाचं अंग लागायचं नाही. मी घरी सांगायचे, माझी गोलकीपर म्हणून निवड झाली. आई खूश व्हायची. अपमानाला चांगलं नाव द्यायची सवय तेव्हाची.

सीझनचा पहिला सामना. डॉक्टर क्लबचे मानाचे पाहुणे. खेळाडूंशी हात मिळवायला मैदानात आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "अवर मराठी गर्ल." फोटो निघाला. मग हळूच, "आता गोलपोस्टला निळा झेंडा लावशील ना?"

माझ्या पोरी रांगेत उभ्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या. माझं तोंड हसायला लागलंच होतं. त्या हसण्याची मला किळस आली.

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. सगळ्यांना ऐकू जाईल असं, इंग्रजीत, त्यांचं वाक्य सांगितलं. हॉलमधलंही. जात म्हणजे काय, ते सांगितलं. निळा झेंडा कुणाचा, तेही. मधे थांबले नाही.

"अगं, गंमत केली," डॉक्टर म्हणाले. मग इतरांकडे वळून, "इट वॉज अ जोक."

कुणी हसलं नाही. कमिटीतला एक जण बुटांकडे बघत मलाच उद्देशून पुटपुटला, "नॉट हिअर, प्लीज."

इव्हो माझ्याकडे बघत होता.

"यू लेट मी थँक हिम," तो म्हणाला.

ते मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. अजून लागतं.

मी कमिटीला सांगितलं, सगळ्यांसमोर माफी मागेपर्यंत हा माणूस माझ्या संघापुढे येणार नाही. आणि मी कुठेही जाणार नाही. मॅनेजर मी आहे.

माफी आलेली नाही. मराठी घरांतली दिवाळीची बोलावणी बंद झाली. होऊ देत. दुसऱ्याची लाज मी आता हसून झाकणार नाही. माझ्या कानात जे बोलाल, ते मी चारचौघांत बोलेन. तुमच्या नावासकट.