उजवीकडचा निळा

या ग्रुपवरचे अतर्क्य अनुभव मी नेहमी वाचते, पण मनापासून कधी पटले नाहीत. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिकलं की असल्या गोष्टी मागं पडतात, असं वाटायचं. म्हणूनच हे लिहावं की नाही, या विचारात दोन वर्षं गेली…

मी गंगापूरजवळच्या खेड्यातली. चित्रकलेच्या कॉलेजसाठी शहरातल्या छावणी भागात खोली घेऊन राहते. वर्गात कुणाशी फारसं बोलणं व्हायचं नाही. घरमालक किहीमकर सर – रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, मूळचे कोकणातले ज्यू, ऐंशीच्या पुढचे, एकटेच. त्यांच्या गावच्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनेच्या जागेला, रंगीत काचांच्या बारा खिडक्या बसवायच्या होत्या. त्यांची चित्रं सरांनी तरुणपणी करायला घेतली. पण गावातले ज्यू एकेक करून इस्रायलला गेले… खिडक्या राहूनच गेल्या. अकरा चित्रं पूर्ण होती, बाराव्याची नुसती आखणी. आणि आता सरांना उजेड-अंधार एवढंच कळायचं.

सोमवारी त्यांची मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडं न्यायला येणार होती.

"पोरी, बारावं तू रंगव. अपुरं ठेवून जायला नको वाटतं," सर मला म्हणाले.

आईला फोनवर सांगितलं. "लई भरवशानं दिलंय त्यांनी. नीट कर बाई," ती म्हणाली.

सर खुर्चीत बसून सांगत गेले – पहिला उभा पट्टा निळा, दुसरा हिरवा… सातवा तांबडा. मी पोस्टर कलरचे जाड थर देत गेले. रविवारी दुपारी चारला संपलं.

"उजव्या कडेचा निळा कसा दिसतोय?"

"उजव्या?" मी कागदाकडं पाहिलं. माझा निळा डावीकडं होता.

"अगं, आमची लिपी उर्दूसारखी, उजवीकडून. मोजायचंही तिकडूनच. छावणीत राहतेस, तुला काय सांगायचं!" ते हसले.

बाजारातल्या उर्दू पाट्या मी रोज बघायचे… तरी सुचलं नाही.

"छान दिसतोय, सर," मी खोटं बोलले.

"मग खिडकीत धर."

सरांचं तोंड खिडकीकडं होतं. मी बाजूला उभी राहून, रंगवलेली बाजू आत ठेवून धरलं. जाड कागद, त्यावर जाड रंग – ऊन आरपार येणं शक्यच नव्हतं. पण सरांनी मान फरशीकडं वळवली.

"आला बघ. उजवीकडं निळा… डावीकडं तांबडा. शाब्बास!"

मी खाली पाहिलं. शहाबादी फरशीवर सात रंगांचे पट्टे पडले होते. निळा सरांच्या उजव्या हाताला. माझ्या हातातल्या कागदावर मात्र तो डावीकडंच.

जाताना सर बाराही चित्रं मला देऊन गेले. "तिकडं कोण बघणार?" म्हणाले. चार महिन्यांनी मुलीचा फोन आला – सर गेले. चूक सांगायची राहून गेली.

मी अजून त्याच घरात राहते. तीच खिडकी, तेच चित्र, चारची वेळ… कितीदा धरून बघितलं. फरशीवर नुसती चौकोनी सावली पडते. चित्र दुरुस्त करायला बसते आणि ब्रश तसाच खाली ठेवते.

"तुझं मन राखलं असंल त्यांनी," आई म्हणते.

असेलही. पण मग तो निळा मला का दिसला?