नेपाळात भिंत, रायपुरात संशय

शाळेत नोकरी असली की किस्से शोधावे लागत नाहीत. स्टाफरूममध्ये डबे उघडले की भाजीआधी किस्सेच बाहेर येतात. त्यात माझा स्वभाव संशयी. कुणी न मागता मदत करायला लागलं की मी आधी पर्स जवळ ओढते! आमच्या शंकर नगरच्या शाळेनं मुलांना नेपाळच्या एका खेड्यात वर्गखोली बांधायला न्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला संशय माझाच. सेवाच करायची तर रायपुरात भिंती कमी आहेत का? प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलांबरोबर मलाच पाठवलं.

*

पालकसभेत देशमुख वहिनी उठल्या. "मॅडम, आमचा पोट्टा घरी पाण्याचा ग्लास उचलत नाही. तो विटा उचलून राहिला असा फोटो आला, तर मी फोटोच खोटा समजीन!"

नेपाळहून मी फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "व्हिडिओ पाठवा."

*

सभा संपल्यावर डोंगरे भाऊ बसूनच राहिले. ते रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत. "मॅडम, खरं सांगा, काहून नेऊन राहिले लेकरांले? माझ्या बापाले असंच नेलं होतं, वीटभट्टीवर. मी लहान होतो, संगं होतो. आम्हाले बाहेर निघूच देत नव्हते."

त्यांची मुलगी पल्लवी मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "मैम, ये ट्रिप ठीक रही तो ही पापा कॉलेज के लिए बाहर भेजेंगे."

म्हणजे तिचं पुढचं शिक्षण माझ्या गळ्यात! शेवटी भाऊ "हव" म्हणाले, पण एका अटीवर. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल.

*

सीमेवर आम्हाला घ्यायला एक गाइड आला. सारखा हसायचा. इतकं हसणारा माणूस मला पटत नाही. मी प्रवासभर त्याच्यावर नजर ठेवली. चहाला थांबलो तेव्हा त्यानं आमच्या एका मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ये मैडम पुलिस से हैं क्या?"

*

बांधकामाजवळच्या दगडावर गावातली एक म्हातारी रोज येऊन बसायची. बोलायची नाही, फक्त मुलांकडे बघायची. मला वाटलं, जमिनीचा काही वाद असणार. गाइडला विचारायला पाठवलं. तो परत आला तो पोट धरून हसत!

"मैडम, वो पूछ रही हैं, इन बच्चों ने ऐसा क्या किया था, जो इतनी दूर सज़ा काटने भेजा?"

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना उकडलेले बटाटे आणले. देशमुखांच्या पोराच्या गालावरून हात फिरवून काहीतरी समजावलं. गाइडनं अर्थ सांगितला, "कह रही हैं, अब दोबारा मत करना."

*

मुलांची भिंत संध्याकाळी वाकडी असायची आणि सकाळी सरळ. मी आमच्याबरोबर काम करणाऱ्या गावातल्या मानबहादुर मिस्त्रीला धरलं. "सच बताओ, कौन ठीक करता है?"

तो थापीवरचं सिमेंट पुसत म्हणाला, "पहाड़ की हवा है मैडम, अपने आप सीधी हो जाती है."

*

आणि डोंगरे भाऊंचा तो कॉल. लेकीनं खाल्लं का, झोपली का, काही नाही. पहिलं वाक्य एकच, "पल्लवी, गेट दाखव." त्या भट्टीचं गेट बाहेरून बंद असायचं, ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नव्हतं.

"पापा, यहाँ गेट है ही नहीं!" पल्लवी म्हणायची. खरंच नव्हतं. शेतातली पायवाट सरळ शाळेत यायची. पण भाऊंना ते पटेना. एका संध्याकाळी भडकलेच. "बिनागेटची शाळा असते का कुठं? काहीतरी लपवून राहिले तुम्ही! मॅडम, पोट्टीले वापस आणा!"

पल्लवी रडायला लागली. मला भाऊंचा रागही आला आणि वाईटही वाटलं. तेवढ्यात मानबहादुरनं माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्ते साहब. मैं भी रायपुर में था. उरला में, एक फैक्टरी के गेट पर. मज़दूर अंदर जाते थे, बाहर से ताला मैं ही लगाता था."

झालं! मी कपाळावर हात मारला. पल्लवीचं रडणंही थांबलं.

पलीकडून भाऊंनी विचारलं, "और वहाँ?"

"यहाँ मेरी बेटी पढ़ेगी, साहब. गेट मैंने लगाने ही नहीं दिया."

फोन परत माझ्याकडे आला. भाऊ म्हणाले,

"मॅडम, उद्यापासून मी फोन नाही करत. पोट्टीले काम करू द्या."